जेझुइट शाळांचे माजी विद्यार्थी आणि आदिवासी पाड्यांवरच्या शाळा: तुमचे अनुभव लिहा

मुंबईच्या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या येशू संघाच्या) शाळा-कॉलेजांत शिकलेली बरीच मंडळी मूळची कोकणातली. वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस १८६३चं, माझगावचं सेंट मेरीज १८६४चं, धोबीतलावचं झेवियर्स कॉलेज १८६९चं. तिथून शिकून निघालेल्यांत डॉक्टर, वकील, मोठे अधिकारी पुष्कळ. त्याच संघाचे फादर तलासरीकडे वारली मुलांसाठी ज्ञानमाता सदन चालवतात, आणि तिथून निघालेली मुलगी कितीदा तरी घरातली पहिली दहावी पास असते. या दोन्ही प्रकारच्या माजी विद्यार्थ्यांची एकमेकांशी गाठ फारशी पडत नाही. ती पडावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे आवाहन.

३१ जुलै १९७३ रोजी, जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या सणाच्या दिवशी, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात युरोपातले माजी विद्यार्थी जमले होते. जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी त्यांच्यासमोर एक प्रश्न ठेवला: आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का? उत्तरही त्यांनीच दिलं, की प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. समोर शाळेचा अभिमान बाळगणारी माणसं बसलेली असताना असं बोलायला धैर्य लागतं. 'इतरांसाठी जगणारी माणसं' हे आपल्या शाळांच्या भिंतीवरचं वाक्य त्या भाषणातून आलं आहे.

तर लिहा. मदत केली असेल तर लिहा, घेतली असेल तर जरूर लिहा. काय टिकलं आणि काय वाया गेलं, तेही सांगा. कुणी किती पैसे दिले ते नको. मुलांची नावं आणि चेहरे तर अजिबात नकोत.

माणगाव. झेवियर्सचा माजी विद्यार्थी

आम्हा मित्रांची ओळख कॉलेजच्या सोशल इन्व्हॉल्व्हमेंट प्रोग्रॅममधून झाली आणि नोकऱ्या लागल्यावरही टिकली. आम्ही इथल्या मिशनच्या शाळेच्या फादरांना विचारलं, काय हवं? इमारत मागतील अशी आमची तयारी होती. ते म्हणाले, खोल्या आहेत, दिवाळीनंतर त्यांत बसायला मुलं नसतात.

कातकरी वाडीचं वर्ष ज्याला कळलं नाही, त्याची मदत चुकीच्या महिन्यात पोचते. भादव्यात घरातले दाणे संपतात, शेतावर मजुरी नसते. तेव्हा मुकादम येऊन उचल देतो. दिवाळी झाली की ती उचल फेडायला अख्खं कुटुंब वीटभट्टीवर, नाहीतर कोळसा पाडायला घाटावर जातं. पेण, पनवेल, कर्जत, भिवंडी, कुठेही. आठ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळायला बरोबर जाते, दहा वर्षांचा मुलगा विटा पलटतो. परत येतात ते पावसाच्या तोंडावर, म्हणजे शाळेचं निम्म्याहून जास्त वर्ष गेलेलं असतं. सरकारचं शिक्षण हमी पत्रक आहे, त्यावर मुलाला भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. पण ते पत्रक आईच्या हातात पडून पुढच्या शाळेत दाखवलं जाईपर्यंत होळी येते.

म्हणून आम्ही पैसे देतो ते हंगामी वसतिगृहाला. तांदूळ, डाळ, सुकट, साबण, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकीण बाईंचा पगार. शिवाय वाडीतल्या ज्या आज्या भट्टीवर जात नाहीत, त्यांतल्या दोघी मुलांसोबत राहतात आणि त्यांना मानधन मिळतं. ही कल्पना वाडीतल्या बायकांचीच. आजी असली की लहान मूल रात्री रडत नाही आणि बापही निर्धास्तपणे निघतो. फलक लावण्यासारखं यात काही नाही, त्यामुळे देणगीदार मिळवायला फार बोलावं लागतं. तरी मी सांगेन, कुणाला कोकणात एकच काम करायचं असेल तर दर महिन्याचा हा खर्च उचला, आणि पाच वर्षांचा शब्द देऊन उचला.

भादव्यासाठी महिलांच्या गटाची धान्यबँकही आहे. उसनं भात न्यायचं आणि हंगामात परत घालायचं. ज्या घराने तिथून भात नेलं, त्याची मुकादमाकडची उचल कमी होते. शाळेसाठी दिलेल्या मदतीत धान्यबँक बसत नाही असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं. माझ्या मते ती शाळेचीच मदत आहे.

डहाणू. मिशनच्या वसतिगृहात शिकलेली, आता परिचारिका

मी वारली आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत सिस्टरांच्या वसतिगृहात होते. मदत घेणाऱ्यांनीही लिहा असं म्हटलंय, म्हणून लिहिते.

जानेवारीत मुंबईहून गाड्या यायच्या. आम्हाला आदल्या दिवसापासून नाच बसवायला लावायचे. वह्या, बिस्किटं, फोटो, आणि चार वाजता पाहुणे परत. माणसं चांगली होती, मला त्यांचा राग नाही. पण त्यांतल्या एकाचंही नाव मला आठवत नाही.

आठवतात त्या एक बाई. बँकेतून निवृत्त झालेल्या, फादरांच्याच शाळेत शिकलेल्यांच्या घरातल्या. त्या आठवीपासून दर शनिवारी गणित घ्यायला यायच्या. लोकलने डहाणू, पुढे एसटी. पाऊस असला तरी यायच्या. त्या आमच्या ताटात जेवायच्या, आमच्या बोलीतले शब्द विचारून घ्यायच्या. दहावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं तेव्हा वसतिगृहाबाहेर खोलीचं भाडं त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी भरलं. सरकारी पैसे येतात, पण उशिरा येतात, आणि घरमालक थांबत नाही. दहावीला उत्तम गुण मिळवलेल्या माझ्या दोन मैत्रिणी त्याच फटीत घरी परतल्या. दहावी ते पहिला पगार, या काळात कुणी हात धरला तर खूप मुली पुढे जातील.

लोक मला हमखास विचारतात, बाटवलं का? आमच्या घरी आजही आमच्या वारली देवांचीच, कणसरीची पूजा होते, हिरवा आहे, वाघोबाला मान आहे. वसतिगृहातल्या बहुतेक मुलींच्या घरी हेच होतं. सुट्टीत आम्ही तारप्यावर नाचायला घरी जायचो आणि परत यायचो. माझ्या वसतिगृहात मी जे पाहिलं ते हे.

पनवेल. हिशेब तपासनीस

थोडक्यात कामाचं. संस्थेकडे ८०जी नोंदणी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी) असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका, त्यावर सवलत मिळत नाही. संस्थेकडून देणगीचं दहा-बीई प्रमाणपत्र मागून घ्या.

परदेशातल्यांसाठी: तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलंत, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी, धरतात. मग संस्थेची एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी हवी आणि रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आली पाहिजे. २०२०च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला आलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे 'मुंबईच्या संघाकडे पाठवतो, ते पुढे देतील' हा जुना मार्ग बंद आहे. आखातातल्या रत्नागिरीकर मंडळींनी हे नीट समजून घ्यावं, त्यांचा रस्ता बहुधा सोपा आहे.

अलिबाग. महसूल खात्यातून निवृत्त

माझं शिक्षण सेंट मेरीजचं. मी पैशाने फार काही करू शकत नाही, पण कागद मला कळतो.

अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्या माणसाचा आजा कात पाडत रानोरान फिरला, त्याच्या नावावर सातबारा कुठून असणार? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, आश्रमशाळेच्या पुढच्या वसतिगृहात जागा नाही, मग जात पडताळणी नाही, म्हणून नोकरी नाही. मुलगा हुशार असून कागदावर अडतो, हे बघताना जीव तुटतो.

उपाय आहेत. घराण्यातला कुणी काका, चुलत आजा एखाद्या शाळेत चार महिने जरी गेला असेल, तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधून जात नोंदलेला निर्गम उतारा काढता येतो. मिशनच्या जुन्या शाळांची रजिस्टरं यासाठी सोन्यासारखी आहेत. एका भावाला दाखला मिळाला की बापाकडच्या बाकी भावंडांचा रस्ता मोकळा होतो. कुठलाच कागद नसेल तर गृहचौकशीचा आग्रह धरायचा. तलाठ्यासमोर पंचनामा होतो, वाडीतली जुनी माणसं जबाब देतात, आणि ती फाइल प्रांतांकडे जाते. आम्ही निवृत्त लोक फादरांच्या शाळेत बसून वंशावळी लिहून घेतो. वंशावळ लिहिताना म्हातारी माणसं चार पिढ्यांची नावं घडाघडा सांगतात.

तालुक्याच्या कचेरीत काम केलेला माजी विद्यार्थी प्रत्येक गावात सापडेल. त्यांना शोधा. हे काम दिवाळीआधी व्हायला हवं, कारण नंतर सही करायला बाप वाडीत नसतो.

तळा. जिल्हा परिषदेची शिक्षिका

एक वेगळं मत. वाडीतली चौकस मुलं मिशनच्या शाळेत गेली की आमच्या शाळेचा पट घसरतो आणि शाळा बंद व्हायची टांगती तलवार येते. मग ज्यांना वसतिगृहात जागा नाही, ती मुलं उघड्यावर पडतात. आमच्याकडे एका मिशनने संध्याकाळचा अभ्यासवर्ग जिल्हा परिषदेच्याच शाळेत घ्यायला सुरुवात केली, कातकरी बोली जाणणारी बारावी झालेली मुलगी शिकवायला ठेवली आणि तिचं मानधन मुंबईचा माजी विद्यार्थी संघ देतो. पहिली-दुसरीची मुलं आता बोलायला लागली आहेत. अशी मदत मला फार मोलाची वाटते.

पालघर. डॉक्टर, होली फॅमिली शाळेचा माजी विद्यार्थी

परिचारिका ताईंचं वाचून लिहितो. शिबिरात एकदा तपासून गोळ्या वाटण्यापेक्षा, दर सत्रात त्याच मुलांना पुन्हा तपासा. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन विद्राव्यता चाचणी होते, ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून मूल नुसतं वाहक आहे की रुग्ण, हे ठरतं. वाहक मुलाला सहसा त्रास होत नाही. रुग्ण मुलाचे सांधे, हाडं असह्य दुखतात, ते शाळा बुडवतं आणि वर्गात 'आळशी' ठरतं.

शिक्षकांना एवढं शिकवलं तरी पुष्कळ: अशा मुलाला भरपूर पाणी प्यायला द्या, थंडीत पांघरूण जास्त द्या, उन्हात पळवू नका, ताप आला तर वाट न बघता दवाखान्यात आणा. औषध सरकारी रुग्णालयात मिळतं. माजी विद्यार्थी संघ आमच्याकडे रुग्णालयापर्यंतच्या जीपचं भाडं देतो, आणि त्यामुळे मुलं तपासणी चुकवत नाहीत.

रोहा. एमआयडीसीत फिटर

मी कातकरी. माणगावच्या दादांनी लिहिलेल्या वसतिगृहासारख्याच एका ठिकाणी राहून शिकलो. आयटीआय केलं. आईबापाने मला ठेवलं याचं कारण एकच, फादर आणि शाळेचे जुने विद्यार्थी गणपतीतच वाडीवर येऊन बसले, मुकादमाच्या आधी. दिवाळीनंतर कितीही पैसे घेऊन आले असते तरी उपयोग नव्हता.

आता आम्ही वाडीतले शिकलेले पोरगे मिळून तेच करतो. गणपतीला सगळे घरी असतात. घरोघर जाऊन विचारतो, कुठलं मूल ठेवणार, आजी कोण राहणार, दाखला कुणाचा नाही. यादी करून फादरांकडे देतो. आमच्या वर्गणीतून वह्या होतात, बाकी मुंबईवाले बघतात.

अलिबागच्या काकांना विचारायचं होतं: माझ्या आतेभावाच्या घरात कुणीच शाळेत गेलेलं नाही. आजा वारला, आजी आहे. गृहचौकशीला आजीचा जबाब चालेल का, आणि तुम्ही आमच्याकडे कधी येऊ शकाल? वाडीपर्यंत रस्ता आहे, पावसातही मोटरसायकल येते.

अलिबाग. महसूल खात्यातून निवृत्त

चालेल. आजींसोबत शेजारच्या वाडीतली त्यांच्या वयाची आणखी दोन माणसं आणि पोलीस पाटील ठेवा. आतेभावाच्या बापाच्या चुलत घराण्यात कुणी शाळेत गेलं होतं का, तेही विचारून ठेवा. तो बापाकडचा असावा लागतो, आईकडचा चालत नाही. गणपतीआधीच्या आठवड्यात येतो.