हळू चालून आणि नुसतं उभं राहून पाय का मोडून येतात? तुमचे अनुभव सांगा

रोज सकाळी मी तास-दीड तास झपझप चालते. घरी येते तेव्हा अंग हलकं झालेलं असतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईला फिरवायला नेऊ लागले, तिच्या पावलाने, जेमतेम अर्धा तास. रात्री पोटऱ्या दगडासारख्या आणि कंबर धरलेली! वाचत गेले तेव्हा उलगडा होऊ लागला. चालताना शरीर टेकलेल्या पायावरून उलट्या लोलकासारखं वर चढतं आणि पुढे झुकतं. चढताना साठलेली ऊर्जा उतरताना बरीचशी परत मिळते. ताशी साधारण ४ ते ५ किलोमीटर वेगाला हे सगळ्यात छान जमतं. रेंगाळत चाललं की झोका मोडतो, प्रत्येक पाऊल नव्याने ढकलावं लागतं, एका पायावर जास्त वेळ तोल सांभाळावा लागतो. म्हणून तेवढ्याच अंतराला जास्त शक्ती जाते.

तुम्हालाही असं होतं का? कुठे, केव्हा, आणि कशाने बरं वाटलं, सविस्तर लिहा.

* * *

मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. आधी वॉर्डात होते, तेव्हा पाळीभर पायाला भिंगरी असायची, तरी घरी जाऊन सगळी कामं उरकायचे. इथे टेबलापाशी चार-चार तास उभं राहायचं, हत्यारं द्यायची, जागा सोडायची नाही. पहिल्या महिन्यात संध्याकाळी मोज्यांचे वळ इतके खोल उमटायचे की बोटाला खाच लागायची. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी समजावलं. पायातलं रक्त वर चढवायचं काम मुख्यतः पोटरी करते. ती आवळली की शिरा पिळल्या जातात, आणि शिरांतल्या झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. निश्चल उभं राहिलं की हा पंप बंद. घोट्याजवळच्या शिरांतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालायला लागलं की २०-३० वर उतरतो.

तेव्हापासून मी दाब देणारे लांब मोजे घालते, तेही सकाळी उठल्याउठल्या, सूज यायच्या आत. टेबलाखाली टाचा वर-खाली करत राहते. हात स्थिर ठेवून हे करायला सराव लागतो. "उभंच तर राहायचं असतं," असं कोणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

* * *

मी संग्रहालयात दोन तासांत गळून जातो. चार पावलं, थांबा, वाका, पाटी वाचा, पुन्हा चार पावलं. तक्रार जुनीच आहे. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ साली याच शिणावर लेख लिहिला आणि कपाटातली वस्तू नीट दिसावी म्हणून माणसाला किती वाकावं-ताणावं लागतं, याची छायाचित्रंच दाखवली. आता दिसेल त्या बाकावर मी बसून घेतो, पाय दुखायच्या आधीच.

* * *

संचलनाच्या सरावात सावधानमध्ये उभे होतो. माझ्या शेजारचा मुलगा एकदम कोसळला. गुडघे ताठ आवळून बराच वेळ हलला नव्हता. रक्त पायांत साचलं आणि मेंदूला कमी पडलं. आडवा केल्यावर मिनिटभरात डोळे उघडले. मग प्रशिक्षकांनी शिकवलं: गुडघे किंचित सैल ठेवा, बुटाच्या आत बोटं हलवा, पोटऱ्या आवळा-सोडा. बाहेरून कोणाला दिसत नाही. रांगेत ताटकळताना मी आजही हेच करतो.

* * *

नुकत्या चालू लागलेल्या लेकीचं बोट धरून चालणं! एका बाजूला झुकलेली कंबर, दोन पावलं की थांबा. तिला कडेवर घेऊन तेवढंच अंतर गेले तर कमी दमते.

* * *

दिवसभर काउंटरमागे उभी असते. एक पाय वीतभर उंच ठोकळ्यावर ठेवायचा, दहा-पंधरा मिनिटांनी बदलायचा. कमरेला फार आराम पडतो. पायाखाली जाड रबरी चटईही हवीच.

* * *

एक सांगावंसं वाटतं. "उभं राहून होतं," म्हणत मी कितीतरी महिने दुर्लक्ष केलं, शिरा फुगून निळ्या दिसू लागल्या तरी. झडपा निकामी झाल्या होत्या. आणि एकाच पायाला अचानक सूज आली, तो दुखू लागला, गरम लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते.

* * *

धागा मीच काढला होता. सगळ्यांचं वाचून आज वाटेत थांबलो तेव्हा मी टाचा वर-खाली करत होते. आईने विचारलं म्हणून तिला लोलकाचं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग मी तर दिवसभर त्याच वेगाने चालते."

इतके दिवस मी माझ्याच पोटऱ्यांचं बोलत होते. उद्यापासून घडीची खुर्ची बरोबर नेणार आहे. अर्ध्या वाटेवर ती बसेल, आणि तिच्या नजरेच्या टप्प्यात मी दोन झपाझप फेऱ्या मारून येईन.