मदत हवी आहे: समुद्रावरून आणलेले जीव घरच्या टँकमध्ये जगतील का? (अर्जंट)

वैतागलेला_बाबा: लवकर सांगा प्लीज. टँक दोन फुटी आहे, फिल्टर चालू आहे, साठेक लिटर पाणी. किती मीठ टाकायचं एवढंच हवंय. पोरगं सकाळपासून टबापाशी बसून आहे, शाळेत जायला तयार नाही.

चहाबिस्किट: कुठला समुद्र? कुठले जीव? टबात काय आणि टँकमध्ये काय?

वैतागलेला_बाबा: हरिहरेश्वरला गेलो होतो, काल रात्री पुण्यात परत. प्रदक्षिणेच्या वाटेवर ओहोटीला खडकात डबकी राहतात ना, तिथून मुलाने आणि मेहुण्याने गोळा केले. शंखातले छोटे खेकडे सहा-सात, एक तारामासा आणि खडकाला चिकटलेलं ते फुलासारखं असतं ते. टँकमध्ये दोन गोल्डफिश आहेत.

रीफवेडा: थांबा!! समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. साठ लिटरला दोन किलोच्या वर मीठ. गोल्डफिशचं लोणचं घालायचंय का?

दर्यावर्दी_६५: इतकं घाबरायचं कारण नाही. आम्ही लहानपणी असले खेकडे बादलीत पाळलेत, खडामीठ टाकून. आठ दिवस मस्त जगले.

रीफवेडा: काका, आणि नवव्या दिवशी?

उरणची_पोर: खडामीठ म्हणजे समुद्र नव्हे हो. माझ्या आजोबांचं मिठागर होतं. मीठ धरलं की खाली कडू पाणी उरतं ते सोडून देतात, मॅग्नेशियम बरंचसं त्यातच जातं. उरतं ते जेवणाचं मीठ. मरीन टँकसाठी वेगळं मीठ मिळतं, तेच लागतं.

ईशान्य_कोपरा: टँक कुठल्या दिशेला आहे? ईशान्येला हवा. गोल्डफिशला दिवसातून दोनदाच खायला द्या, तेही चिमूटभर.

रीफवेडा: बरोबर मीठ आणलं तरी उद्या जीव सोडता येत नाहीत. त्यांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू नव्या टँकमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. तोपर्यंत पाणी दिसायला स्वच्छ आणि आत विष. मी सहा वर्षं मरीन टँक ठेवतोय, पहिल्या वर्षी किती पैसे घातले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

वैतागलेला_बाबा: सहा आठवडे?? अहो ते फूल आत्ताच मिटून गोळा झालंय. मेलं का?

रीफवेडा: समुद्रफूल ओहोटीला मिटतंच. हाताला घट्ट लागत असेल तर जिवंत आहे. लिबलिबीत होऊन वास सुटला तर लगेच बाहेर काढा, एक मेलेला जीव अख्खा टब नासवतो. एअर पंप लावा, खायला काही घालू नका. गोल्डफिशचा फिल्टर त्यात अजिबात नको.

मासेबाजार: खेकडे छोटे आहेत म्हणून, नाहीतर सार काय झालं असतं! तिसऱ्या नाही मिळाल्या का तिकडे?

वैतागलेला_बाबा: अपडेट. पाणी दुधाळ झालंय. एक खेकडा शंख सोडून बाहेर आलाय, मागचा भाग उघडा, गुलाबीसर, मऊ, वाकडा. मुलगा रडतोय. आणि त्याने आत्ता कबूल केलं की डब्यात अजून एक आहे, काळसर जाड जळवेसारखं.

कायदेतज्ज्ञ_नाही: समुद्रकाकडी असेल तर गंमत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, समुद्रकाकड्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. प्रवाळ पण.

दर्यावर्दी_६५: म्हणजे आता पोराला आत टाकणार का?

उरणची_पोर: काका, तसं कोण म्हणालं? आणि खडकावर गोगलगायीच्या जातीतलं, शंख नसलेलं, अगदी तसंच दिसणारं असतं. फोटो टाका.

रीफवेडा: ते काही असो, सगळं परत न्या. शंख सोडला म्हणजे पाणी सहन होत नाहीये. तो शंख त्याच्या शेजारीच ठेवा, कधीकधी परत शिरतो. टबात पाणी कुठलं आहे?

वैतागलेला_बाबा: समुद्राचंच. वीस लिटरचा जार भरून आणलाय, त्यातलं निम्मं टबात ओतलं, निम्मं जारमध्ये आहे.

रीफवेडा: हे आधी सांगायला काय झालं होतं!! टबातलं निम्मं पाणी काढा, जारमधलं घाला. थोडं प्रवासाला राखा.

चहाबिस्किट: मुळा-मुठेत सोडू नका म्हणजे झालं.

वैतागलेला_बाबा: परत हरिहरेश्वर? ताम्हिणीतून पाच तास लागतात राव. कालच आलोय.

उरणची_पोर: त्याच खडकात सोडा, पुळणीवर नको. आणि ओहोटी गाठा, नाहीतर खडक पाण्याखाली. उद्या सप्तमी. तिथीची पाऊणपट करायची, सातची सव्वापाच. सव्वापाचला भरती, म्हणजे ओहोटी साडेअकराच्या आसपास. वाटेत डबा उन्हात ठेवू नका, आणि बंद गाडीत तर नकोच.

ईशान्य_कोपरा: शंख मात्र घरात ठेवा, शुभ असतो.

रीफवेडा: त्या शंखात खेकडा राहतो हो.

वैतागलेला_बाबा: ठरलं. पहाटे साडेपाचला निघतोय, मेहुण्याला पण उठवणार, त्याचीच आयडिया होती. शाळा आज बुडाली, उद्याही बुडणार. खेकडा अजून बाहेरच आहे पण पाय हलवतोय. बाकी ठीक. आणि बायकोने सकाळी गोल्डफिशच्या टँकमध्ये मूठभर मीठ टाकलं होतं असं आत्ता कळतंय, त्याचं काय करू?