मदत हवी आहे: प्रशियाचा सिल्बरग्रोशेन, साल आणि टांकसाळ कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी, जुन्या नाण्यांमधलं कळणारं कोणी असेल तर प्लीज सांगा. प्रशियाच्या राज्याचा (आताच्या जर्मनीतलं जुनं राज्य) १ सिल्बरग्रोशेन, म्हणजे तिथलं एक छोटं नाणं, माझ्याकडे आलाय, एका बाजूला राजा चौथा फ्रेडरिक विल्हेल्मचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यात वर ३० आकडा, म्हणजे असे ३० दिले की एक थालर (तिथलं मोठं चांदीचं नाणं), १८२१ पासून तिकडे हाच हिशोब होता. वजन २.२ ग्रॅमच्या आसपास भरतंय.

आता अडचण अशी की सालाचे पहिले तीन आकडे १८४ नीट दिसतात पण शेवटचा पार घासलाय, आणि खालचं टांकसाळीचं अक्षर ए आहे की डी तेच कळत नाही. ए म्हणजे बर्लिन, डी म्हणजे ड्युसेलडॉर्फ, आणि ती टांकसाळ १८४८ लाच बंद झाली, त्यामुळे अक्षर कळलं तर सालाचा अंदाज तरी येईल. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघितलं, डावीकडची रेघ तिरकी वाटते पण खात्री नाही.

दुसरं म्हणजे राजाच्या गालावर आणि केसांवर तांबूस दिसतंय. एका ओळखीच्यांनी लगेच नकली ठरवलं, पण यात चांदी साधारण २२ टक्केच, बाकी तांबं, मग झिजल्यावर लाली येणारच ना? मला तरी नाणं खरंच वाटतंय. चिंचेने वगैरे घासणार नाहीये, ते नका सुचवू 🙏 फक्त झिजलेला आकडा वाचायची काही युक्ती असेल तर सांगा, फोटो कमेंटमध्ये टाकतो.