'हॉबिट'मधला पेला 'बेओवुल्फ'मधून आलाय का?

रानजाई
लेकीला सध्या रात्री टोल्किनचं 'हॉबिट' वाचून दाखवतेय. नायक बिल्बो स्मॉग नावाच्या ड्रॅगनच्या खजिन्यातून पेला उचलून पळतो, तिथवर आलोय. नवरा म्हणतो, हे सगळं 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातून ढापलंय. म्हणून शेमस हीनीचा अनुवाद घेऊन बसले. अर्ध्याहून जास्त वाचून झाला. राक्षस ग्रेंडेल मेला, त्याची आई मेली, बाकी भाषणं आणि मेजवान्या. यात 'हॉबिट' कुठंय? की नवऱ्याने पुडी सोडलीय?

खडूस_वाचक
पुडी नाही, रानजाईताई. नेट लावून पुढे वाचा. २२०० ओळी झाल्या की बेओवुल्फ म्हातारा झालेला असतो, पन्नास वर्षं राज्य करून. तेव्हा कुणीतरी ड्रॅगनच्या खजिन्यातला पेला चोरतो. ड्रॅगनला पेला गेल्याचं कळतं आणि तो रात्री घरंदारं जाळत सुटतो. स्मॉग तरी दुसरं काय करतो?

आता तो चोर बघा. त्याला नाव नाही. रागावलेल्या मालकाची मर्जी परत मिळवायला तो पेला नेऊन देतो, म्हणजे गुलाम असावा. पण हस्तलिखितात नेमका तोच शब्द खराब झालाय, पहिलं अक्षर तेवढं लागतं. पुढे बेओवुल्फ अकरा जणांना घेऊन निघतो, तेव्हा वाट दाखवायला याला बळंच ओढून नेतात. हा तेरावा. कवी आकडा मुद्दाम सांगतो. गुहा दाखवून झाली की गडी कवितेतून गायब.

टोल्किनने बुटके (ड्वार्फ) घेतले तेरा आणि चोर बिल्बो केला चौदावा, तोही तेराचा अपशकुन नको म्हणून! गोष्टही सांगितली त्या चोराचीच. ड्रॅगनला मारणारा बार्ड पार शेवटी उगवतो, बाण सोडतो, झालं. पेला कुणीही उचलला असता हो. त्या तेराव्या माणसाच्या मागे अख्खं पुस्तकभर चालत जायचं, हे टोल्किनचं.

पाटावरचा_उंदीर
तेरा-चौदा योगायोगही असेल की. १९३८ साली 'ऑब्झर्व्हर'मध्ये टोल्किनचं पत्र आलं होतं. 'बेओवुल्फ'चं ऋण तो मान्य करतो, पण लिहिताना ते जाणीवपूर्वक मनात नव्हतं, चोरीचा प्रसंग कथेच्या ओघात आला, असंही म्हणतो. लेखकाचं ऐकू या ना जरा.

खडूस_वाचक
ऐकलं. पण हाच माणूस ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवायचा. १९३६ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश अकादमीपुढे त्याने 'बेओवुल्फ'वर व्याख्यान दिलं, राक्षस आणि ड्रॅगन हेच कवितेच्या केंद्राशी आहेत म्हणून समीक्षकांशी भांडला. 'हॉबिट'चं बाड तेव्हा प्रकाशकाकडे पोचलेलं होतं. इतकं मुरल्यावर जाणीवपूर्वक आठवायची गरजच काय?

सांजवात
एक भर. 'बेओवुल्फ'मधला ड्रॅगन तोंडातून शब्द काढत नाही. बिल्बो-स्मॉगच्या गप्पांसाठी नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) काव्याकडे जावं लागतं. तिथला ड्रॅगन फाफ्निर मरता मरता त्याला मारणाऱ्या सिगुर्डला नाव विचारतो आणि सिगुर्ड आधी आडवळणाचं उत्तर देतो, कारण मरणाऱ्याने नाव घेऊन दिलेला शाप लागतो अशी समजूत. बिल्बोही कोड्यात बोलून नाव लपवतो. बुटक्यांची बहुतेक नावं तर 'व्होलुस्पा' या नॉर्स कवितेतल्या यादीतली आहेत, जादूगार गँडाल्फचं नावसुद्धा त्याच यादीत. ढापाढापी म्हणायचीच तर इथे म्हणा.

रानजाई
सगळ्यांचे आभार. नवऱ्याला तेराव्याचं सांगितलं. तो म्हणतो, "म्हणजे ढापलंच ना." असो. लेक मात्र मागे लागलीय, त्या गुलामाला नंतर मालकाने ठेवून घेतलं का?

खडूस_वाचक
पेला मिळाल्यावर मालकाने माफ केलं, एवढं कळतं. ड्रॅगन मेल्यानंतरचं कवी सांगत नाही. तुम्हीच काहीतरी रचा. आणि टोल्किनने केलेला 'बेओवुल्फ'चा गद्य अनुवाद २०१४ मध्ये प्रसिद्ध झालाय, सोबत त्याच्या वर्गातल्या टिपणांसह. तो नवरोबांच्या उशाशी ठेवा.