शमशोन मूर्ख होता का?

बायबलमधला अचाट ताकदीचा वीर शमशोन ज्या दलीलेवर प्रेम करत होता, तिनेच त्याच्या बळाचे रहस्य काढून त्याला शत्रूंच्या हाती देण्याचा डाव टाकला. तो डाव तीन वेळा उघडा पडूनही शमशोन सावध झाला नाही, म्हणून तो निव्वळ मूर्ख ठरतो, असे एक मत आहे; ते मला अपुरे वाटते. बायबलमधील ‘शास्ते’ या पुस्तकाच्या अध्याय 16 मध्ये प्रत्येक प्रयत्न फसल्यावर दलीलाच ‘तू मला फसवलेस’ अशी तक्रार करते. शमशोनाचे शत्रू असलेल्या पलिष्टी सरदारांनी त्या रहस्यासाठी प्रत्येकी 1100 रौप्यमुद्रा देऊ केलेली ही स्त्री स्वतः दुखावल्याचे भासवते आणि खुलासा करण्याची पाळी त्याच्यावर येते. मग मन माझ्यापाशी नसताना प्रेम कसले, असे रोज टोचून ती त्याचा जीव मेटाकुटीला आणते. त्याआधी तिम्ना गावच्या त्याच्या पत्नीनेही रडून रडून त्याने घातलेल्या कोड्याचे उत्तर असेच काढून घेतले होते, परंतु तिला पलिष्ट्यांची जाळून मारण्याची धमकी होती. दलीलेवर तशी सक्ती कुठेच दिसत नाही.