डॉक वॉटसन : अस्सल पारंपरिक, की शहरी रसिकांनी पारंपरिक ठरवलेला?

उलटतार
डॉक वॉटसन (१९२३-२०१२) म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातला, तान्हेपणीच दृष्टी गेलेला, जुनं लोकसंगीत जपणारा गिटारवादक. हे चित्र मला अर्धवट वाटतं. १९६० मध्ये राल्फ रिन्झलर हा लोकसंगीताचा संग्राहक बँजोवादक क्लॅरेन्स अॅशलीचं ध्वनिमुद्रण करायला आला, तेव्हा साथीला बसलेल्या डॉकच्या हातात होती लेस पॉल नावाची इलेक्ट्रिक गिटार! कितीतरी वर्षं तो डान्स बँडमध्ये रॉकाबिली (कंट्री आणि रॉक अँड रोलचं मिश्रण) आणि स्विंग (नाचाचं जॅझ ढंगाचं संगीत) वाजवत होता. रिन्झलरला इलेक्ट्रिक नको होती, म्हणून साधी गिटार उसनी आणावी लागली. मग ही 'परंपरा' घडवली कोणी?

डोंगरवाट
साफ असहमत. पोटासाठी माणूस काय वाजवतो त्यावरून त्याचं मूळ ठरत नाही. अंध माणसाला तिथे कामं ती किती मिळणार? डॉक पियानो सुरात लावून द्यायचा, बँडही त्यातलाच. घरात काय होतं ते बघा ना! लहानपणी वडिलांनी बनवून दिलेला बँजो, सासरे गेदर कार्लटन फिडलवादक, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन वाजवणारे. 'टॉम डूली' हे लोकगीत किंग्स्टन ट्रिओ या गायकत्रयीने १९५८ मध्ये गाजवलं, पण डॉकच्या घरात ते आधीपासून होतं, वेगळ्या चालीत. हे काही रिन्झलरने शिकवलं नाही.

उलटतार
घरात ग्रामोफोनही होता की. जिमी रॉजर्स, कार्टर फॅमिली हे कंट्री गायक तो रेकॉर्डवरच ऐकत वाढला. आणि ज्या फ्लॅटपिकिंगसाठी आपण त्याला डोक्यावर घेतो, म्हणजे फिडलच्या धुना पिकने गिटारवर भरधाव वाजवणं, ते त्या डान्स बँडमुळेच. स्क्वेअर डान्सला (चार जोड्यांच्या लोकनृत्याला) फिडलच्या धुना लागायच्या आणि बँडमध्ये फिडलवाला नव्हता! डॉकने त्या लेस पॉलवर बसवल्या. त्याची 'ब्लॅक माउंटन रॅग' ही धून ऐकून माना डोलावणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

खर्जातला
मग तुमचाच मुद्दा तुमच्या विरोधात जातो, उलटतार. नाचाला धून हवी, वाद्य नाही, तर हाताशी आहे त्यावर वाजवा. लोकसंगीत याहून वेगळं कसं चालतं? अडचण डॉकची नाही, ऐकणाऱ्यांची आहे. न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात १९६३ मध्ये त्याला उचलून धरणाऱ्या वर्तुळातल्याच काहींनी दोन वर्षांनी तिथेच गायक बॉब डिलनच्या इलेक्ट्रिक गिटारवर हुर्यो केली.
(मला स्वतःला डॉकचा आवाज गिटारपेक्षा जास्त आवडतो, पण ते असो.)

डोंगरवाट
रिन्झलरला एवढं झोडपू नका हो. तो नसता तर डॉक त्या भागाबाहेर कोणाला कळला असता? १९६१ चा न्यूयॉर्कचा कार्यक्रम, १९६४ ची पहिली एकल तबकडी, मग मुलगा मर्लबरोबरचे दौरे, सगळं त्यानंतरचं.

उलटतार
रिन्झलरचे उपकार मान्य, इलेक्ट्रिक नको ही अट मान्य नाही. डॉकला स्वतःला ही कुंपणं कधीच नको होती. १९८५ मध्ये मर्ल ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. त्याच्या नावाने १९८८ पासून मर्लफेस्ट हा संगीत महोत्सव भरू लागला. तिथल्या संगीताला डॉक 'ट्रॅडिशनल प्लस' म्हणायचा, म्हणजे डोंगरातलं पारंपरिक आणि वर मनाला येईल ते. १९९५ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, 'डॉकॅबिली' नावाचा रॉकाबिलीचा अल्बमही काढला.

खर्जातला
तो अल्बम ऐकलाय. डोंगरवाट, तुम्हीही ऐका, मग भांडू.