वेडीवाकडी डे-लिली: ठेवायची की कंपोस्टात टाकायची?

पागोळी (धागाकर्ती)

तीन वर्षांपूर्वी पेरलेल्या बियांपैकी एक रोप या आठवड्यात पहिल्यांदा फुललं. इथे पेनसिल्व्हेनियात बीपासून फुलापर्यंत यायला एवढा वेळ लागतोच. डे-लिलीचं फूल एका दिवसाचं, त्यामुळे सकाळी सहाला गाऊनवरच अंगणात धावले.

रंग वांगी, गळा पोपटी. आतल्या तीन पाकळ्या मध्येच चिमटीत धरल्यासारख्या आणि टोकाला पीळ. बाहेरच्या तीन मागे वळून थेट दांड्याकडे लोंबलेल्या, सुताराच्या रंध्यातून निघणाऱ्या छिलप्यासारख्या. मी खूश. आई सध्या नाशिकहून आली आहे. ती चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली, बघितलं आणि म्हणाली, "पाणी कमी पडलं का गं हिला?"

ज्यांना नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'स्पायडर', म्हणजे कोळ्याच्या पायांसारख्या लांब अरुंद पाकळ्यांची डे-लिली, म्हणवून घ्यायला पाकळीची लांबी रुंदीच्या किमान चौपट लागते. माझी पाकळी सरळ करून मोजली, सव्वापाच इंच लांब, दीड इंच रुंद. म्हणजे साडेतीन पट, नापास. मग उरतो 'अनयुज्वल फॉर्म' हा वर्ग: पाकळी चिमटलेली, पिळलेली, नळीसारखी गुंडाळलेली, खाली कोसळणारी किंवा टोकाला चमच्यासारखी पसरट. पण हा प्रकार आतल्या तीनही किंवा बाहेरच्या तीनही पाकळ्यांत दिसला पाहिजे. एखादीच वाकडी असेल तर तो अपघात धरतात.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे भांडण लवकर सुरू होईल. गोल, जाडजूड, कडेला सोनेरी झालर लावलेल्या डे-लिल्या मला आताशा बघवत नाहीत. सगळ्या एका कारखान्यातून आल्यासारख्या. लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्यांना कापड गुंडाळून बो बांधतात ना, तशा. तुमचं काय?

खुरपं

पागोळीताई, पहिल्या फुलाचं अभिनंदन. बाकी आईंशी सहमत. :)

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलीला राहतो आणि उघड उघड झालरवाला आहे. दरवर्षी पाच-सहाशे रोपं फुलवतो, त्यातली चार-पाच ठेवतो, बाकी कंपोस्टात. त्यामुळे 'कारखाना' हा शब्द जरा लागला.

मूळ डे-लिली कशी होती ते बघा. चीन, जपान, कोरियातली. रंग पिवळा, केशरी नाहीतर विटकरी, बस. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये स्टाउट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं पिढ्यांवर पिढ्या संकर केले, तेव्हा कुठे १९३४ साली 'थेरॉन' ही पहिली लाल म्हणावी अशी जात आली. एका लाल रंगासाठी एवढी तपश्चर्या. मग कोल्चिसिनचा प्रयोग. हे तेच द्रव्य जे आपल्या कळलावीत असतं. ते नेमकं लागू पडलं तर रोपाची २२ गुणसूत्रं ४४ होतात आणि पाकळी जाड होते, दांडा दणकट होतो, रंग गडद होतो. (हा प्रयोग मी करत नाही. विषारी प्रकरण आहे आणि घरात लहान मूल आहे. लोकांनी केलेल्या ४४वाल्या जाती आणून त्यांचे आपसात संकर करतो.) सोनेरी कडा, दातेरी कडा या ४४वाल्यांतच खऱ्या खुलल्या. म्हणजे एकेका झालरीमागे कुणाची तरी वीस-तीस वर्षं आहेत.

उलट वाकड्या फुलाचं काय? वाकडं व्हायला कष्ट कुठे लागतात? माझ्या वाफ्यात दरवर्षी चाळीसेक रोपं आपणहून वाकडी निघतात. त्याला पैदास म्हणायचं, तर माझ्या पहिल्या पोळीलाही नकाशाकला म्हणा.

मोगरेवाली

पोळीचं आवडलं. पण खुरपंभाऊ, तुमच्या झालरीचा मला आलेला अनुभव ऐका.

चार वर्षांपूर्वी नव्वद डॉलर मोजून एक जात मागवली. विक्रेता दक्षिणेकडचा, नाव घेत नाही. फोटोत फूल म्हणजे पैठणीचा काठ. इथे न्यू जर्सीत जूनअखेर पहिली कळी आली. रात्री हवा गार, सकाळी आठ वाजले तरी कळी अर्धीच उघडलेली. झालरी एकमेकींत अडकल्या होत्या. दहा वाजता मी चक्क बोटांनी सोडवायला गेले तर पाकळी फाटली. दुपारी अडीचला कसंबसं उमललं आणि संध्याकाळी दिवस संपला! एका दिवसाचं आयुष्य, त्यातला अर्धा दिवस कपडे घालण्यात.

फ्लोरिडाच्या उकाड्यात निवडलेलं फूल इथल्या गार रात्रीत उघडेलच असं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात अर्धा गड्डाही सडला. तेव्हापासून माझा नियम साधा: गोल असो की कोळी, सकाळी मी ऑफिसला निघायच्या आत उघडलं पाहिजे.

निवांत_गडी

या फुलांची भजी होतात का?

मोगरेवाली

@निवांत_गडी, होतात. चिनी दुकानात वाळवलेल्या कळ्या 'गोल्डन नीडल्स' म्हणून मिळतात, हॉट अँड सॉर सूपमध्ये घालतात. पण नावात लिली आहे म्हणून कुठलीही लिली तळू नका, लिली म्हणवणारी काही झाडं विषारी असतात. आणि घरात मांजर असेल तर डे-लिलीही तिच्या तोंडाला लागू देऊ नका, मूत्रपिंडं निकामी होतात.

दगडफूल

पुण्यातून लिहितोय. डे-लिली माझ्या गच्चीत नाही, जास्वंद आहे, आणि हेच भांडण आमच्या घरात तीस वर्षं चालू आहे. आजीला देवासाठी पाच पाकळ्यांची लाल साधीच लागायची. मी हायब्रिड जास्वंद आणली, फूल बशीएवढं, तीन रंगांचं. आजी म्हणाली, "हे गणपतीला वाहायचं की त्यात जेवायला वाढायचं?" गुच्छासारख्या डबल जास्वंदीला तर ती फूल मानतच नसे. "यात केसर कुठाय?" म्हणायची. प्रश्न शास्त्रशुद्ध होता, डबल फुलात बरेचदा केसरांचीच पाकळ्यांसारखी रूपं झालेली असतात.

पण मला लिहायचंय ते जपानबद्दल. एदो काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे 'असागाओ'चं वेड होतं. म्हणजे मॉर्निंग ग्लोरी, आपल्या गारवेलीची बहीण. गोल फुलं मागे पडली आणि लोक फाटक्या पाकळ्यांच्या, सुतासारख्या पानांच्या, फूल म्हणून ओळखूही येणार नाहीत अशा जातींमागे लागले. गंमत अशी की सगळ्यात विचित्र झाडांना बीच धरत नसे. मग जात टिकवायची कशी? त्याच बोंडातून आलेली साधी दिसणारी भावंडं जपायची, कारण तो गुण त्यांच्या पोटात दडलेला. पुढच्या पिढीत काही रोपं पुन्हा विचित्र निघणार.

तेव्हा खुरपंराव, 'वाकडं व्हायला कष्ट लागत नाहीत' हे पटलं नाही. आपोआप निघणं वेगळं आणि तेच हवं तेव्हा पुन्हा काढता येणं वेगळं.

पागोळी

@दगडफूल, हे मला म्हणायचं होतं आणि जमलं नव्हतं. मी पाचशेतून निवडलेलं नाही, माझी एकूण रोपंच एकतीस. पण संकर ठरवून केला होता. आई 'स्पायडर' जातीची, बाप चिमटलेल्या पाकळीचा. सकाळी दव वाळल्यावर बापाचं केसर चिमट्याने तोडून आईच्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावलं, दांड्याला चिठ्ठी बांधली. एकतीसपैकी सव्वीस रोपं ना धड गोल ना धड वाकडी. पाकळ्या नुसत्या ढिल्या. पाचच पिळाच्या निघाल्या, आणि त्यातली ही एकच अशी की तीन फुलं झाली तरी तिन्हीत तोच पीळ. तेव्हा नकाशाकलेचा मुद्दा मागे घ्यावा.

@खुरपं, आणि तुम्ही स्वतःच लिहिलंत ना मूळ डे-लिली कशी होती ते? रंग सांगितलेत, आकार गाळलात. रानातल्या फुलाच्या पाकळ्या अरुंद, दोन पाकळ्यांमधून पलीकडचं गवत दिसेल अशा. म्हणजे गोल डे-लिली हीच माणसाने केलेली नवलाई आणि अरुंद पाकळी हा तिचा घरचा वारसा. मग 'अनयुज्वल' म्हणतो आपण कोणाला? पिवळी स्पायडर 'काइंडली लाइट' १९५०च्या सुमाराची, लोक अजून तिचं बेट जपून ठेवतात.

खुरपं

वारसा म्हणाल तर आमच्याकडे रस्त्याकडेच्या खंदकात फुकट आहे. जुलैच्या आगेमागे मैलोन्मैल केशरी. तिला बी धरत नाही, ३३ गुणसूत्रंवाली, तरी जमिनीखालून पसरत पसरत निम्मी अमेरिका व्यापली. अरुंद पाकळी हवी तर फावडं घेऊन या.

पण तीनही फुलांत तोच पीळ असेल तर मान्य. मला वाटलं होतं एका फुलाच्या फोटोवर हुरळलात. गेल्या जूनमध्ये मीही फसलो होतो असंच. आठ पाकळ्यांचं फूल आलं, घरभर दवंडी पिटली. नंतरची अकरा फुलं सहा पाकळ्यांची.

मात्र पीळ म्हणजे सर्वस्व नाही. दांड्यावर कळ्या किती? फांद्या फुटल्यात का? की सगळ्या कळ्या टोकाला एकाच जागी घोळक्याने? लांब पाकळ्यांची दोन फुलं एकाच दिवशी शेजारी उमलली की एकमेकींत गुंततात आणि मग ओल्या मोज्यांची जोडी वाळत घातल्यासारखं दिसतं. मोगरेवालीताईंची झालर अडकते, तुमचे पाय अडकतील.

काकडआरती

सगळ्यांनी आकार आणि रंगावर एवढं लिहिलं, वासाचं कुणी नावही काढलं नाही. माझ्याकडे 'हायपेरियन' आहे, १९२०च्या दशकातली, फिकट लिंबू रंगाची, ना झालर ना पीळ. संध्याकाळी पायरीवर बसलं की वास येतो. तिच्या शेजारी नव्या आठ जाती आहेत, आठही बिनवासाच्या. गोल करताना वास सांडला आणि वाकडं करताना तो उचलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या दोन्ही पक्षांशी माझा सारखाच उभा दावा आहे.

मोगरेवाली

+१. आणि 'स्टेला दे ओरो'लाही कुणी विचारत नाही. १९७५ची, बुटकी, पिवळी, प्रत्येक बँकेच्या पार्किंगमध्ये असते म्हणून नाकं मुरडतात. पण जूनपासून थंडी पडेपर्यंत थांबून थांबून फुलतच राहते. माझ्या सासूबाईंना तीच आवडते, कारण देवघरासाठी रोज दोन फुलं मिळतात.

दगडफूल

देवाला कालची फुलं चालत नाहीत आणि डे-लिलीला उद्या नसतो. जमलं की.

पागोळी

@खुरपं, मोजून आले. दोन फांद्या, चौदा कळ्या. घोळका आहे थोडा. काल दोन फुलं एकदम उमलली आणि हो, गुंतली. मोजे दिसले मला. तुम्ही डोक्यात घातलंत म्हणून दिसले, हेही नोंदवून ठेवा.

@काकडआरती, नाक लावून बघितलं. काही नाही. पुढच्या वर्षी बाप म्हणून हायपेरियनचा पराग मागितला तर पाठवाल का? वाळवून पाकिटात घातला तर टपालाने चालतो असं वाचलंय.

एक विचारायचं राहिलं. ही वांगी वाकडी, खुरपंभाऊंच्या गोल ४४वाल्यांशी जुळवता येईल का? म्हणजे पीळही आणि जाड पाकळीही?

खुरपं

तुमची २२वाली, माझ्या ४४वाल्या. सरळ संकर केला तर बी बहुधा धरणारच नाही. आधी तुमचीला कोल्चिसिन द्यावं लागेल, आणि ते मी देणार नाही म्हणून वर लिहिलंच आहे. सप्टेंबरात गड्डा दुभंगलात तर एक भाग मात्र नक्की पाठवा. इथल्या उकाड्यात पीळ टिकतो का बघू. टिकला नाही तर कंपोस्ट माझंच.

काकडआरती

पराग पाठवते. बदल्यात त्या रोपाचा फोटो, मोज्यांसकट.

पागोळी

फोटो आता पुढच्या वर्षी. आज पहाटे हरीण येऊन गेलं. दांडा गुडघ्याएवढ्या उंचीवर कापल्यासारखा खाल्लाय, उरलेल्या कळ्या गेल्या. शेजारची गोल झालरवाली, नर्सरीतून आणलेली, तिला तोंडही लावलेलं नाही. म्हणजे हरणाचं मत कुठल्या बाजूला मोजायचं ते तुम्हीच ठरवा. आई म्हणते, "बघ, भाजी म्हणून तरी चांगली होती."

खुरपं

अरेरे. पराग काढून ठेवला होतात का?

पागोळी

हो. परवाच. फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीमागे, वर चिठ्ठी लावून: "आई, हे हिंग नाही."